ऑगस्टअखेरचा लेक ट्राउट : कनूच्या सफरीवर थंड पाण्याचा शोध

टोरंटो-मिसिसागाकडची मराठी मंडळी आता मोठ्या संख्येने कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या अल्गॉन्क्विन पार्कात कनू, म्हणजे वल्ह्याची हलकी निमुळती होडी, घेऊन जाऊ लागली आहेत. त्यातल्या ज्यांना गळ टाकायची आवड आहे, त्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते : मे महिन्यात काठाजवळ सहज मिळणारा लेक ट्राउट मासा ऑगस्टमध्ये जातो कुठे? तो कुठेच जात नाही. त्याच तलावात, तुमच्या कनूच्या खाली पंधरा-वीस मीटरवर असतो. उन्हाळा सरताना त्याला शोधणं म्हणजे थंड पाणी शोधणं. हे एकदा पटलं की बाकीची सगळी तयारी, वजन, दोरी, जागा, वेळ, आपोआप त्या भोवती बसते.

दुसरी गोष्टही सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळं नियोजन तिच्यावर अवलंबून आहे. या दिवसांत लेक ट्राउट धरायचा तो खायला. जेवणापुरता मासा मिळाला की गळ गुंडाळायचा. मजेसाठी दिवसभर धरत-सोडत राहण्याचा हा मोसम नाही. का, ते पुढे येईलच.

पाण्याचे तीन थर

गावाकडे एप्रिल-मे महिन्यात विहिरीत सूर मारला असेल तर हे वेगळं समजवायला नको : वरचं हातभर पाणी कोमट आणि पायाला लागतं ते एकदम गार. अल्गॉन्क्विनच्या खोल तलावांत ऑगस्टअखेर हेच मोठ्या प्रमाणावर घडतं. वरचं पाणी 20 ते 22 अंश सेल्सियस असतं आणि वाऱ्याने ढवळलं जात असल्यामुळे काही मीटरपर्यंत सारखंच राहतं. मग साधारण सहा ते दहा मीटरच्या दरम्यान एक पट्टा लागतो, जिथे तीन-चार मीटरच्या अंतरात तापमान झपाट्याने खाली येतं. त्याच्या खाली थेट तळापर्यंत गार, संथ पाणी.

लेक ट्राउटला 10 अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं. शिवाय त्याला विरघळलेला ऑक्सिजन भरपूर लागतो, आणि उन्हाळाभर खालच्या थराला हवेचा स्पर्शच नसल्यामुळे अगदी तळाजवळचा ऑक्सिजन हळूहळू कमी होत जातो. म्हणजे वरून उष्णता, खालून ऑक्सिजनची टंचाई, आणि मध्ये राहण्याजोगा मर्यादित पट्टा. आपल्याला तो पट्टा जिथे तळाला किंवा उताराला टेकतो ती जागा हवी असते. बहुतेक तलावांत ती 12 ते 20 मीटरवर सापडते.

निघण्यापूर्वी

सगळ्या तलावांत लेक ट्राउट नसतो. ऑन्टारियोतल्या एकूण तलावांपैकी जेमतेम एक टक्का तलावांत तो आहे, आणि तरीही जगातल्या लेक ट्राउटच्या तलावांपैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या या प्रांतात येतो. ऑन्टारियो सरकारच्या 'फिश ऑन-लाइन' या नकाशावर तलावाचं नाव टाकलं की तिथे कोणते मासे आहेत ते कळतं, आणि पुष्कळ तलावांचे खोलीचे नकाशेही मिळतात. खोलीचा नकाशा छापून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आत मोबाइलला रेंज नसते. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी स्मोक लेकवरून आत शिरायला सांगेन. तलाव खोल आहे, आणि तिथून रॅगेड लेककडे जाणारं पोर्टेज, म्हणजे कनू खांद्यावरून नेण्याची दोन तलावांमधली पायवाट, फक्त 240 मीटरचं असल्यामुळे कनू खांद्यावर घेण्याची सवयही सोप्याने होते. ओपिऑन्गो हा पार्कातला सर्वांत मोठा तलाव, पण वारा उठला की तिथल्या लाटा नवख्याला झेपत नाहीत.

नकाशावर पाहायचं ते असं : समोच्चरेषा (सारखी खोली दाखवणाऱ्या रेषा) जिथे दाटीने एकमेकींना चिकटल्या आहेत तो तीव्र उतार, पाण्यात घुसलेलं भूशिर जिथे खाली उतरत जातं ती सोंड, दोन खोल खड्ड्यांमधली खिंड, आणि चारी बाजूंनी खोल पाणी असलेला बुडालेला उंचवटा. अशा तीन-चार जागांवर खूण करून निघा. उंचवट्याचा माथा 12-15 मीटरवर असेल तर तिथे सर्वांत आधी जा.

परवान्याबाबत एक मुद्दा आपल्याकडे हमखास निसटतो. कॅनडात राहणाऱ्या 18 वर्षांखालच्यांना आणि 65 व त्यावरील ज्येष्ठांना ऑन्टारियोत मासेमारीचा परवाना काढावा लागत नाही. पण भारतातून भेटीला आलेले आई-वडील सत्तर वर्षांचे असले तरी त्यांना ही सवलत लागू नाही. त्यांच्या हातात रॉड द्यायचा असेल तर त्यांचा परवाना काढा. पार्काच्या आत कनूतून गळ टाकताना माणशी एकच दोरी. जिवंत छोटे मासे आमिष म्हणून वापरायला, अगदी जवळ बाळगायलाही अल्गॉन्क्विनमध्ये बंदी आहे, कारण बादलीतून सुटलेली परकी जात ट्राउटचा तलाव कायमचा बिघडवू शकते. लेक ट्राउटचा हंगाम 30 सप्टेंबरला बंद होतो. किती मासे ठेवता येतात हा आकडा त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतून घ्या, आणि तलावाच्या नावापुढे काही अपवाद दिला आहे का तेही बघा. पश्चिमेकडच्या क्वेटिको पार्कात गेलात तर नियम आणखी कडक : तिथे फक्त कृत्रिम आमिष आणि बिनकाट्याचा, म्हणजे टोकामागे उलटा काटा नसलेला गळ चालतो.

सामान

पोर्टेजवर प्रत्येक ग्रॅम खांद्याला जाणवतो, म्हणून मोजकंच घ्या. चार तुकड्यांचा, जोडल्यावर साधारण दोन मीटर भरणारा मध्यम ताकदीचा रॉड, नळीसारख्या कडक डब्यात. मध्यम आकाराचं स्पिनिंग रील (दोरी गुंडाळायची चरखी), त्यावर 15 ते 20 पाउंडांचा ताण सोसणारी विणलेली दोरी, म्हणजेच ब्रेड. साधी नायलॉनची दोरी इथे कामाची नाही. ती ताणते, आणि वीस मीटर खाली माशाने तोंड लावलं तरी हाताला काही कळत नाही. ब्रेडच्या टोकाला दोन मीटर फ्लुरोकार्बन, म्हणजे पाण्यात सहसा न दिसणारी दोरी, 8 ते 10 पाउंडांची. या तलावांचं पाणी स्वच्छ असतं आणि ब्रेड माशाला दिसते.

आमिषाचे दोन प्रकार आणि थोडी वजनं पुरतात. चांदीच्या किंवा चांदी-सोनेरी रंगाचे 15 ते 30 ग्रॅमचे धातूचे स्पून, म्हणजे चमच्याच्या आकाराची चकचकीत आमिषं. विल्यम्स वॉबलरसारखे पातळ स्पून इथल्या जुन्या मंडळींच्या पेटीत असतातच. दहा सेंटीमीटरच्या आतले पांढरे रबरी ट्यूब, वजनदार डोक्याच्या गळावर, म्हणजे जिगवर, चढवलेले. आणि दोन-तीन 60 ते 85 ग्रॅमची वजनं, तीन कड्यांच्या स्विव्हलसह (दोऱ्या जोडायची फिरती कडी). शिशाची छोटी वजनं टाळा, टंगस्टन किंवा पोलादाची घ्या. तुटून पडलेलं शिसं लून पक्षी खड्यांबरोबर गिळतो आणि विषबाधेने मरतो. ज्या तलावावर रात्री त्याची हाक ऐकायला आपण जातो, तिथे शिसं टाकून येऊ नये. गळाच्या टोकामागचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट करा, मासा सोडवायला निम्मा वेळ लागतो.

आमिषाचा आकार तलावावर ठरतो. ज्या तलावात सिस्को नावाचा चंदेरी मासा आहे, तिथे ट्राउट त्याच्यावर पोसून मोठा होतो. ओपिऑन्गोत सिस्को 1948 मध्ये सोडले, त्यानंतर तिथल्या ट्राउटचं आकारमान वाढलं. तिथल्या हार्कनेस मत्स्यसंशोधन प्रयोगशाळेने 1936पासून कोळ्यांच्या पकडीची नोंद ठेवली आहे, त्यामुळे हे बदल कागदावर दिसतात. सिस्को नसलेल्या तलावांत ट्राउट सूक्ष्म प्लवक आणि किडे खाऊन लहानच राहतो; तिथे पाच-सात सेंटीमीटरचं छोटं आमिष लावा.

कनूच्या सुरक्षेचं सामान कायद्यानेच लागतं : माणशी एक लाइफ जॅकेट, 15 मीटरची तरंगणारी दोरी, पाणी उपसायचं भांडं, शिट्टी. जॅकेट अंगात असू द्या, कनूत तळाशी पडलेलं काही कामाचं नाही.

थंड पट्टा कसा शोधायचा

सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी खोली आणि मासे दाखवणारं यंत्र, असेल तर उत्तम. फेकायचे छोटे सोनारही मिळतात. पण सोनार नसला तरी अडत नाही.

एक दणकट, अरुंद तोंडाची, पुन्हा वापरायची प्लास्टिकची बाटली घ्या. आत साधा थर्मामीटर, बाहेरून दगडाचं वजन, आणि गळ्याला वीस मीटर सुतळी. सुतळीला दर वावेला एक गाठ मारून ठेवा. दोन्ही हात पसरले की एक वाव, सुमारे 1.8 मीटर. वरच्या पाण्यातच बाटली भरून घ्या म्हणजे हवा राहत नाही, मग ती तीन वाव खाली सोडा. पाच मिनिटं वरखाली हलवत राहा, म्हणजे आतलं पाणी बदलतं. मग झरझर वर ओढून लगेच आकडा वाचा. पुढे पाच वाव, सात वाव, नऊ वाव. एखाद अंशाचा फरक पडेल, पण आपल्याला हवी ती गोष्ट स्पष्ट दिसते : तीन वावेला 21, पाच वावेला 14, सात वावेला 9 असे आकडे आले तर पाच ते सात वावेच्या दरम्यान आणि त्याच्या जरा खाली आपलं काम आहे. हे एकदाच करायचं. एका तलावात तो थर दोन-चार दिवसांत फारसा हलत नाही.

त्यानंतर ब्रेडवरही न पुसणाऱ्या शाईने दर वावेला खूण करा. रंग बदलणारी ब्रेड मिळते, ती असेल तर तेवढेही कष्ट नकोत.

पहाटेचे दोन तास

खोल पाण्यातल्या माशाला उजेडाची फारशी पर्वा नसते, तो दुपारीही घेतो. तरी मी पहाटेचीच वेळ सांगेन, आणि त्याचं कारण वारा. कनू हलकी असते. ताशी दहा-पंधरा किलोमीटरचा वाराही तिला जागेवरून ढकलून नेतो, दोरी तिरपी होते आणि आमिष खोलीवर राहत नाही. ऑगस्टअखेर सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो, आणि बहुतेक दिवशी नऊपर्यंत पाणी शांत मिळतं.

दोघं असाल तर कामं वाटून घ्या. मागचा वल्हवणारा कनू जागेवर ठेवतो, पुढचा गळ सांभाळतो. दोघांनी एकदम गळ टाकला की कनू वाऱ्यावर जाते आणि दोऱ्या एकमेकींत अडकतात. अर्ध्या तासाने अदलाबदल करा. एकटे असाल तर जाळीच्या पिशवीत दगड भरून नांगर करता येतो, पण त्यासाठी तीस मीटर दोरी आणि वारा नसलेली सकाळ हवी. नांगर कनूच्या टोकाला बांधा, मध्यावर कधीच नाही. मध्यावर बांधला तर एका लाटेत कनू कलंडू शकते.

सुरुवात शोधण्यापासून करा. तीन कड्यांच्या स्विव्हलच्या एका कड्याला मुख्य दोरी, दुसऱ्याला अर्ध्या मीटरच्या तुकड्यावर 60-85 ग्रॅमचं वजन, तिसऱ्याला दीड-दोन मीटर फ्लुरोकार्बन आणि तिच्या टोकाला पातळ स्पून. उताराच्या कडेने, खोलीची रेषा धरून, अगदी सावकाश वल्हवा. चालण्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे ताशी दोन-अडीच किलोमीटर. दोरीचा कोन पाहून खोलीचा अंदाज येतो : पाण्याशी 45 अंशांचा कोन असेल तर सोडलेल्या दोरीच्या सात दशांश, म्हणजे 25 मीटर सोडली तर सुमारे 17 मीटर खोल. कोन 30 अंशांवर आला तर निम्मी. पाण्याच्या ओढीने दोरीला थोडी बाक येते, म्हणून हा हिशेब अंदाजापुरताच धरा. वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला स्पून पुढे झेपावतो आणि मध्ये क्षणभर सैल पडतो. मोटारीच्या होडीला ही चाल जमत नाही, आणि ट्राउट बहुधा त्या सैल क्षणीच तोंड टाकतो.

एक मासा लागला, किंवा नुसता हिसका बसला, की त्या जागेची खूण करा. समोरच्या काठावरचं वाळलं पाइनचं झाड आणि त्यामागची टेकडी एका रेषेत, आणि दुसऱ्या बाजूला तशीच एक जोडी. मग परत फिरून तिथे जिग वापरा.

पांढरी ट्यूब तळापर्यंत जाऊ द्या. तळ लागला की दोरी सैल पडते. रीलमधून दोरी सुटणं लगेच थांबवून आमिष हातभर वर उचला, टोक थरथरवा, पुन्हा खाली सोडा. असं पाच-सहा वेळा. काही घडलं नाही तर जोरात, न थांबता पाच-सहा मीटर वर गुंडाळा. खालून पाहणाऱ्या ट्राउटला पळणारं भक्ष्य दिसतं आणि तो मागे लागतो. बरेचसे मासे या गुंडाळण्यातच लागतात, तळाशी नाही. अंगावर येणारा ट्राउट नेहमी ओढ देतोच असं नाही. तो आमिष तोंडात धरून वर येत राहतो, आणि आपल्याला फक्त वजन नाहीसं झाल्यासारखं वाटतं. दोरी अकारण हलकी झाली की वाट पाहू नका, भराभर गुंडाळून ताण आणा आणि रॉड उचला.

ट्राउट लागल्यावर खाली खाली ओढ घेतो, डोकं झटकत राहतो. दोरीला घाईने जखडू नका. थोड्या वेळाने कनूच्या बाजूला बुडबुड्यांची ओळ वर येताना दिसेल. ट्राउटच्या हवेच्या पिशवीला अन्ननलिकेशी जोडणारी नळी असते, त्यामुळे वर येताना तो जादा हवा तोंडावाटे सोडतो. हे बुडबुडे दिसले की मासा बराच वर आला असं समजा आणि जाळी तयार ठेवा. कनूत उभं राहायचं नाही. गुडघ्यांवर बसा, मासा स्वतःच्या शरीरासमोर आणा, आणि दुसऱ्याने त्या बाजूला अजिबात वाकायचं नाही. तो उलट बाजूला भार देईल.

सोडायचा की ठेवायचा

बुडबुड्यांमुळे अनेकांचा समज होतो की खोलातला ट्राउट सुखरूप परत जातो. दाबाचा त्रास त्याला खरंच कमी होतो, पण तापमानाचं काय? 9-10 अंशांच्या पाण्यातून आपण त्याला काही मिनिटांत 21 अंशांत आणतो, तेही झुंजून दमलेला असताना. दमलेल्या माशाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि कोमट पाण्यात तो कमी असतो. सोडलेला मासा डोळ्यांदेखत पोहत खाली जातो, आणि तरीही पुढे मरू शकतो. हा मासा अंडी घालण्याच्या वयात यायला सहा-सात वर्षं, कित्येक थंड तलावांत त्याहून जास्त घेतो, आणि पुढे वीस वर्षंही सहज जगतो. म्हणून या दिवसांत दहा धरून दहा सोडण्यापेक्षा एक धरून खाणं तलावाला स्वस्त पडतं, असं माझं ठाम मत आहे.

ठेवायचा तो 40 ते 50 सेंटीमीटरचा, किलोच्या आसपासचा. दोघांच्या जेवणाला भरपूर होतो. फार मोठा ट्राउट म्हणजे जुनी, अंडी देणारी मादी असू शकते, शिवाय वयाबरोबर त्याच्या मांसात पारा साठत जातो. ऑन्टारियो सरकार कोणत्या तलावातला किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा याची तलावनिहाय माहिती देतं. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर ती आवर्जून बघा. मोठा लागलाच तर पाण्याबाहेर न काढता, ओल्या हाताने, पक्कडीने गळ सोडवा आणि डोकं खाली करून सोडून द्या. फोटोसाठी मांडीवर घेऊ नका.

काठावर

ठेवलेला मासा दोरीला बांधून कनूच्या कडेला लोंबकळत ठेवण्याची पद्धत ऑगस्टमध्ये सोडा. कोमट पाण्यात तो तडफडत मरतो आणि मांस पिलपिलीत होतं. डोक्यावर एक घाव घालून लगेच मारा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या, ओल्या सुती कापडात गुंडाळून सावलीत ठेवा, आणि त्याच दिवशी शिजवा.

आतडी आणि सांगाडा मुक्कामाजवळ टाकू नका. काळी अस्वलं या पार्कात सगळीकडे आहेत. तंबू, पोर्टेज आणि काठ यांच्यापासून बरंच आत, जंगलात नेऊन टाका. मासा कापलेली जागा धुऊन काढा, आणि माशाचा वास लागलेले कपडे तंबूत न ठेवता खाण्याच्या सामानाबरोबर झाडावर टांगा.

लेक ट्राउट तेलकट मासा आहे, मांस कधी नारिंगी, कधी जवळजवळ पांढरं. त्याला आपला मसाला छान मानवतो. कातडीसकट दोन फाका काढा, मधली बारीक काट्यांची ओळ बोटाने चाचपून पक्कडीने उपटा. हळद, मीठ, मालवणी मसाला आणि चमचाभर कोकम आगळ चोळून पंधरा मिनिटं ठेवा. आगळ पुन्हा वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीतून न्या, कारण अल्गॉन्क्विनच्या आतल्या भागात टाकाऊ डबे आणि बाटल्या नेता येत नाहीत. मग रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून आधी कातडीची बाजू तव्यावर, अगदी थोड्या तेलात; त्याची स्वतःची चरबी सुटते. उन्हाळ्याच्या शेवटी आगबंदी लागू असू शकते, म्हणून छोटा गॅसचा स्टोव्ह नेहमी बरोबर हवा. बंदी आहे की नाही हे आत शिरतानाच पार्काच्या कचेरीत विचारून घ्या.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून हे गणित बदलायला लागतं. रात्री गार होतात, वरचं पाणी निवतं, थर विरघळू लागतात, आणि ट्राउट आठ-दहा मीटरवर, पुढे त्याहूनही उथळ येतो. तेव्हा जड वजन काढून ठेवा आणि खडकाळ उथळ जागांच्या बाहेरच्या कडेला 15 ग्रॅमचा स्पून फेका. ऑक्टोबरमध्ये त्याच खडकांवर तो अंडी घालतो, आणि त्याआधीच, 30 सप्टेंबरला हंगाम बंद झालेला असतो.